पाच हजार मतदारांचा खासदार

फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत ५७७ खासदार बसतात. त्यांतल्या एकाचा मतदारसंघ पॅरिसपासून चार हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर, कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिण किनाऱ्यासमोर, उत्तर अटलांटिकमध्ये आहे. साँ-प्येर आणि मिक्लों हे त्याचे नाव. क्षेत्रफळ २४२ चौरस किलोमीटर, वस्ती सहा हजारांहून थोडी कमी आणि मतदारयादीत सुमारे पाच हजार नावे. फ्रान्समध्ये सरासरी एक लाख अठरा हजारांच्या आसपास लोकांमागे एक खासदार असतो. इथे सहा हजारांमागे एक आहे. महाराष्ट्रात २०२४ साली लोकसभेच्या एका मतदारसंघात सरासरी एकोणीस लाख मतदार होते आणि लोकसभेचा सर्वांत छोटा मतदारसंघ असलेल्या लक्षद्वीपमध्येही ५७ हजार. साँ-प्येर आणि मिक्लोंची मतदारयादी मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाच्या सभासदयादीएवढी म्हणता येईल. त्या यादीतून निवडून आलेल्या माणसाच्या मताची किंमत मात्र सभागृहात पॅरिस किंवा मार्सेयच्या खासदाराच्या मताइतकीच असते.

द्वीपसमूहात दोनच नगरपालिका आहेत. साँ-प्येर बेट जेमतेम २६ चौरस किलोमीटरचे, पण दहातले नऊ लोक तिथेच राहतात; बंदर, विमानतळ, सरकारी कचेऱ्या, रुग्णालय सारे तिथेच. मिक्लों-लाँग्लाद आकाराने कितीतरी मोठे, पण वस्ती सहाशेच्या घरात. मिक्लों आणि लाँग्लाद ही मुळात दोन बेटे. समुद्राने वाहून आणलेल्या वाळूच्या सुमारे बारा किलोमीटर लांब पट्ट्याने ती जोडली गेली आहेत. साँ-प्येरच्या लोकांचे पूर्वज प्रामुख्याने बास्क, ब्रेतों आणि नॉर्मन मच्छीमार. मिक्लोंमध्ये इंग्रजांनी कॅनडातून हुसकावलेल्या आकादियन फ्रेंचांचे वंशज बरेच आहेत. ही जुनी वेगळीक निवडणुकीतही डोके वर काढते. मिक्लोंची मते थोडी असली तरी चुरशीच्या लढतीत ती कोणाकडे झुकतात, याकडे साऱ्यांचे लक्ष असते.

फ्रान्सकडे ही बेटे उरली ती एका पराभवानंतरच्या तहामुळे. १७६३ च्या पॅरिस तहाने कॅनडा इंग्रजांकडे गेला, तेव्हा न्यूफाउंडलंडजवळच्या कॉड माशांवर जगणाऱ्या फ्रेंच मच्छीमारांना आसरा म्हणून एवढी दोन-तीन बेटे फ्रान्सला ठेवू दिली गेली. पुढच्या अर्धशतकात इंग्रजांनी ती पुन्हा पुन्हा जिंकली, घरे जाळली, रहिवाशांना बोटींत घालून फ्रान्सला धाडले. १८१६ मध्ये ती कायमची फ्रान्सकडे आली. उत्तर अमेरिकेतील विशाल फ्रेंच साम्राज्याचा एवढाच तुकडा शिल्लक राहिला.

बेटे फ्रेंच, माणसे फ्रेंच, तरी संसदेत जागा मिळायला बराच काळ गेला. तिसऱ्या प्रजासत्ताकाच्या काळात, म्हणजे १८७० ते १९४० दरम्यान, पुदुच्चेरी, कारैकल, माहे, यानम आणि चंद्रनगर या भारतातल्या फ्रेंच वसाहतींना मिळून पॅरिसला एक खासदार पाठवता येत असे. साँ-प्येर आणि मिक्लोंला तो हक्क नव्हता. वसाहतींच्या सल्लागार मंडळात त्यांचा एक प्रतिनिधी असे, त्याला कायदा करण्याचा अधिकार नसे. म्हणजे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या गावांना जे मिळाले होते, ते जवळजवळ पूर्णपणे फ्रेंच वंशाच्या या बेटांना मिळाले नव्हते. वसाहतींच्या कारभारातला हा विरोधाभास फारसा सांगितला जात नाही.

बेटांवरचे सर्वांत गाजलेले मतदान मात्र संसदेसाठी नव्हते. १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि बेटांचा कारभार जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारकडे गेला. २४ डिसेंबर १९४१ च्या पहाटे जनरल द गॉल यांच्या ‘स्वतंत्र फ्रान्स’चे अ‍ॅडमिरल एमिल म्युझलिए तीन लढाऊ नौका आणि ‘स्युर्कूफ’ ही पाणबुडी घेऊन साँ-प्येर बंदरात शिरले. एकही गोळी न झाडता बेटे ताब्यात आली. लगेच दुसऱ्या दिवशी, नाताळच्या दिवशी, सार्वमत घेण्यात आले. मतदार फक्त पुरुष होते; फ्रान्समध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९४४ मध्ये. मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते : स्वतंत्र फ्रान्सला साथ, किंवा शत्रुराष्ट्रांशी सहकार्य. प्रश्नच असा घातला होता की उत्तर ठरलेले असावे. वैध मतांपैकी ९८ टक्के मते स्वतंत्र फ्रान्सला पडली, पण दोन्ही पर्याय नाकारून कोऱ्या किंवा बाद मतपत्रिका टाकणारेही शेकड्याने मोजावे लागले. अमेरिकेला विश्वासात न घेता ही कारवाई झाल्याने तिचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल कमालीचे चिडले आणि काही आठवडे हा चिमुकला द्वीपसमूह वॉशिंग्टन, लंडन आणि ओटावा यांच्या तारांमधला मुख्य विषय होऊन बसला.

म्युझलिए यांच्या तुकडीत आलँ साव्हारी हा २३ वर्षांचा नौदल अधिकारी होता. बेटांचा कारभार त्याच्याकडे सोपवण्यात आला. महायुद्धानंतर नव्या राज्यघटनेने या बेटांना ‘सागरपार प्रदेश’ हा दर्जा आणि राष्ट्रीय सभेत जागा दिली. १९५१ मध्ये साव्हारी याच मतदारसंघातून निवडून आले आणि चौथे प्रजासत्ताक संपेपर्यंत खासदार राहिले. समाजवादी गटाचे ते वजनदार नेते ठरले. १९५६ मध्ये अल्जीरियाचे नेते बेन बेला यांचे विमान फ्रेंच लष्कराने हवेतच वळवून त्यांना पकडले, तेव्हा त्याच्या निषेधार्थ साव्हारी यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९८१ मध्ये ते शिक्षणमंत्री झाले. कॉड पकडणाऱ्या काही हजार लोकांच्या मतांवर संसदेत आलेला माणूस वसाहतवादाच्या मोठ्या प्रश्नावर सरकारशी भांडतो, हे फ्रेंच घटनेला धरूनच आहे. खासदार त्याच्या मतदारसंघाचा वकील नसून साऱ्या राष्ट्राचा प्रतिनिधी असतो, असे ती मानते. बेटांवरच्या मतदाराला हे तत्त्व कितपत पटते, ही गोष्ट वेगळी.

साव्हारी मूळचे बेटांवरचे नव्हते. फ्रान्समध्ये उमेदवाराने मतदारसंघात राहिलेच पाहिजे अशी अट नाही, त्यामुळे बाहेरून आलेल्या उमेदवारांना इथे बराच काळ वाव मिळाला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इथून निवडून आलेले जाक-फिलिप व्हाँद्रू हे तर द गॉल यांच्या पत्नीचे भाचे. ही पद्धत मोडली ती बेटांच्या घटनात्मक दर्जावरून झालेल्या भांडणाने. १९७६ मध्ये पॅरिसने स्थानिक विरोधाला न जुमानता बेटांना ‘सागरपार जिल्हा’ करून टाकले. कागदावर ही बढती होती. व्यवहारात युरोपीय बाजारपेठेचे जकातीचे आणि मासेमारीचे नियम अशा ठिकाणी लागू होऊ लागले, जिथे भाजीपासून बांधकामाच्या लाकडापर्यंत सारे काही कॅनडातून येते. मोर्चे निघाले, संप झाले. या वातावरणात आल्बेर पेन १९८१ मध्ये खासदार झाले आणि ११ जून १९८५ च्या कायद्याने बेटांना जकात आणि कर स्वतः ठरवण्याची मुभा देणारा वेगळा दर्जा मिळाला. खासदारकी ही केवळ मानाची जागा नाही, तिच्यामुळे घरातल्या किराणा सामानाची किंमत बदलते, हे लोकांना तेव्हा पुरते कळले.

एवढ्या लहान वस्तीला स्वतंत्र खासदार द्यावा का, हा प्रश्न २००९ मध्ये थेट घटनात्मक मंडळापुढे आला. फ्रान्समध्ये तेव्हा मतदारसंघांची पुनर्रचना चालू होती आणि जिल्ह्यागणिक किमान दोन खासदार ही जुनी सवलत मंडळाने लोकसंख्येच्या समानतेचा भंग म्हणून रद्दबातल ठरवली. सागरपार प्रदेशांबाबतही मंडळाचा पवित्रा कडक होता. प्रत्येक प्रदेशाला आपोआप एक जागा मिळालीच पाहिजे असे कोणतेही सार्वजनिक हित नाही, असे मंडळाने म्हटले. लोकसंख्या अगदीच थोडी असेल तर वेगळ्या जागेचे एकच समर्थन चालू शकते, ते म्हणजे दुसऱ्या कोणत्याही फ्रेंच प्रदेशापासून असलेले विशेष अंतर.

या एका निकषाचा परिणाम लगेच दिसला. कॅरिबियनमधल्या साँ-बार्तेलेमी आणि साँ-मार्तँ या दोन बेटांना वेगवेगळे खासदार मिळायचे ठरले होते. दोन्ही बेटे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत, म्हणून त्यांना एकत्र करून एकच जागा देण्यात आली, जरी दोघांची मिळून लोकसंख्या चाळीस हजारांवर होती. साँ-प्येर आणि मिक्लोंची वस्ती त्याच्या सातव्या हिश्शाइतकीही नाही, पण शेजारी जोडायला फ्रेंच प्रदेशच नाही; चहूकडे कॅनडा. म्हणून जागा शाबूत राहिली. प्रशांत महासागरातल्या अकरा हजार वस्तीच्या वालिस आणि फुतुना बेटांनाही याच कारणाने जागा मिळाली. एका माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला सारखे वजन हा नियम इथे उघडपणे मोडलेला आहे, पण तो बेसावधपणे नव्हे, कारण देऊन आणि एकाच कारणापुरता मोडला आहे. हा निर्णय सोयीपेक्षा विचाराने घेतलेला वाटतो.

निवडणुकीचे नियम साऱ्या फ्रान्सचे तेच. मतदान दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत जिंकायचे तर झालेल्या वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते हवीत आणि ती एकूण मतदारयादीच्या किमान एक चतुर्थांश भरली पाहिजेत. तसे झाले नाही तर आठवड्याने दुसरी फेरी. तिच्यात पहिले दोन उमेदवार तर असतातच, शिवाय यादीतल्या साडेबारा टक्के मतदारांची मते मिळवणारा कोणीही उतरू शकतो. दुसऱ्या फेरीत ज्याला जास्त मते तो विजयी. मते समसमान पडली तर वयाने मोठा तो विजयी. लाख मतदारांच्या मतदारसंघात हे आकडे कोरडे वाटतात. पाच हजारांच्या यादीत साडेबारा टक्के म्हणजे सव्वासहाशे मते आणि एक चतुर्थांश म्हणजे साडेबाराशे. चार-पाच मोठी कुटुंबे, त्यांचे सोयरे, बंदरावरचे सहकारी एकत्र आले की उमेदवार दुसऱ्या फेरीच्या उंबरठ्यावर पोहोचतो.

खर्चाच्या मर्यादेचे सूत्रही इथे मजेशीर आहे. मूळ सूत्रानुसार प्रत्येक उमेदवाराला ३८ हजार युरो आणि वर मतदारसंघातल्या दर रहिवाशामागे १५ सेंट खर्च करता येतात. मोठ्या मतदारसंघात ही दुसरी रक्कम वीस हजार युरोंच्या घरात जाऊ शकते. इथे ती नऊशेच्या पुढे जात नाही. तरी एकूण मर्यादा लोकसंख्येच्या मानाने प्रचंड राहते आणि ती गाठण्याचे कारण कोणालाच पडत नाही. मतदारांच्या घरी प्रचारपत्रके आणि मतपत्रिका सरकारच पाठवते.

मतदान होते शनिवारी. मुख्य फ्रान्स रविवारी मत देतो, पण साँ-प्येरचे घड्याळ पॅरिसच्या चार तास मागे आहे. पूर्वी इथेही रविवारीच मतदान होई. पॅरिसमध्ये रात्री आठ वाजता राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे कौल दूरचित्रवाणीवर झळकत, तेव्हा बेटांवर दुपारचे चार वाजलेले असत. कोण जिंकले हे कळल्यावर मत द्यायला घराबाहेर कोण पडणार? ही तक्रार अनेक वर्षे होती. अखेर अटलांटिकच्या पश्चिमेकडच्या फ्रेंच प्रदेशांत मतदान एक दिवस आधी घेण्याची तरतूद झाली आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी ती पहिल्यांदा २००७ मध्ये वापरली गेली. आता राष्ट्रव्यापी मतदानाची सुरुवातच अनेकदा साँ-प्येरमधून होते. इथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा पॅरिसमध्ये शनिवारची दुपार असते आणि फ्रेंच वृत्तवाहिन्यांना निवडणुकीचे पहिले दृश्य दाखवायला याच बेटांवरची मतपेटी सापडते. एरवी पाच वर्षे ज्यांची कोणी विचारपूस करत नाही, त्यांना तेवढी दोन मिनिटे मिळतात.

मतदान केंद्रातली पद्धत पाहण्यासारखी असते. टेबलावर प्रत्येक उमेदवाराच्या वेगवेगळ्या छापील मतपत्रिकांचे गठ्ठे आणि एक रिकामे पाकीट. मतदाराने एकाहून अधिक उमेदवारांच्या मतपत्रिका उचलायच्या, म्हणजे कल उघड होत नाही. मग पडद्याआड जाऊन एक पाकिटात घालायची आणि बाकीच्या टाकून द्यायच्या. पेटी पारदर्शक असते. पाकीट आत पडले की केंद्राध्यक्ष ‘मत दिले’ असे मोठ्याने जाहीर करतो आणि मतदार यादीत सही करतो. केंद्राध्यक्ष, यादी धरून बसलेला, रांगेत मागे उभा असलेला, सगळे एकमेकांना शाळेपासून ओळखतात. मतदानयंत्र नाही, शाई नाही. संध्याकाळी त्याच खोलीत, मतदारांमधूनच निवडलेले मोजणीदार पाकिटांचे शंभराचे गठ्ठे करून सर्वांदेखत मते मोजतात. पॅरिसचा मतदार रविवारी सकाळी उठतो, त्याच्या कितीतरी आधी इथली केंद्रे बंद झालेली असतात. बेटांवर विद्यापीठ नाही, त्यामुळे शिकायला फ्रान्स किंवा कॅनडात गेलेली मुले दुसऱ्या मतदाराला मुखत्यारपत्र देऊन मत टाकतात. एवढ्या छोट्या यादीत ही मते नगण्य नसतात.

प्रचारात पक्षांच्या नावांना फारसा अर्थ नसतो. पॅरिसमधले उजवे-डावे इथे ‘आर्शिपेल दमँ’ आणि ‘काप स्युर लाव्हनीर’ अशा स्थानिक आघाड्यांच्या नावाने वावरतात. त्यांतली पहिली ढोबळमानाने उजवीकडची, दुसरी डावीकडची. पण आघाड्यांची बांधणी विचारांपेक्षा माणसांभोवती झालेली आहे. तीच दहा-बारा माणसे आलटून पालटून नगरपालिका, १९ सदस्यांची प्रादेशिक परिषद, सिनेट आणि राष्ट्रीय सभा अशा सगळ्या निवडणुकांत समोरासमोर येतात. जेरार ग्रिन्यों १९८६ पासून २००७ पर्यंत सलग एकवीस वर्षे खासदार होते. त्यांच्यानंतर आलेल्या आनिक जिरार्दँ पुढे मंत्री आणि २०२३ मध्ये सिनेटर झाल्या. २०१७ मध्ये जिरार्दँकडून निसटत्या फरकाने हरलेले स्तेफान लनोर्माँ त्याच वर्षी प्रादेशिक परिषदेचे अध्यक्ष झाले आणि २०२२ मध्ये खासदार म्हणून निवडून आले. हरलेला माणूस इथे राजकारणातून जात नाही; जाणार कुठे?

फ्रेंच पद्धतीतला एक तपशील या बेटांवर भलताच महत्त्वाचा ठरला. प्रत्येक उमेदवार आपल्याबरोबर एक बदली प्रतिनिधी उभा करतो आणि त्याचे नाव मतपत्रिकेवर छापलेले असते. खासदार मंत्री झाला की महिन्याभराने त्याची जागा पोटनिवडणुकीशिवाय या बदली प्रतिनिधीकडे जाते, कारण फ्रान्समध्ये मंत्र्याला खासदार राहता येत नाही. जिरार्दँ २०१४ मध्ये राज्यमंत्री झाल्या, २०१६ मध्ये लोकसेवा खात्याच्या, २०१७ मध्ये सागरपार प्रदेशांच्या आणि २०२० मध्ये समुद्र खात्याच्या मंत्री झाल्या. परिणाम असा की २०१४ ते २०२२ या काळात जवळजवळ सलग बेटांच्या खुर्चीवर बसले ते त्यांचे बदली प्रतिनिधी स्तेफान क्लेरो. मतदारांनी एकीला निवडले आणि सभागृहात दुसरा बसला. बेटांचा तोटा झाला असे मात्र म्हणता येणार नाही. मंत्रिमंडळात एक आणि संसदेत एक अशी दोन माणसे त्यांना मिळाली, सहा हजार वस्तीला हे प्रमाण भारीच.

प्रतिनिधी आणि मतदार यांच्यातले अंतर इतके कमी असण्याची किंमतही क्लेरो यांनीच मोजली. जानेवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय सभेत लसीकरण पासचा कायदा चर्चेला होता. ९ जानेवारीला त्याविरुद्धचा मोर्चा क्लेरो यांच्या घरासमोर आला. ते बोलायला बाहेर आले आणि निदर्शकांनी त्यांच्यावर समुद्रशेवाळ आणि चिखल फेकला. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली, राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी निषेध केला. पॅरिसमधल्या खासदाराचा पत्ता मोर्चेकऱ्यांना शोधावा लागतो. इथे तो सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांशी दुकानात गाठ पडते.

निवडणुकीतले मुद्दे पाहिले की ही जागा का हवी ते कळते. अडीचशे वर्षे बेटे कॉडवर जगली. कॅनडाशी मासेमारीच्या हद्दीवरून झालेला वाद १९८८ मध्ये इतका तापला की स्थानिक लोकप्रतिनिधी एका मच्छीमार बोटीवर बसून मुद्दाम वादग्रस्त पाण्यात गेले आणि कॅनडाने बोटीसकट सर्वांना अटक केली. १९९२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कमधल्या लवादाने निकाल दिला. फ्रान्सने मागितलेल्या क्षेत्राचा साधारण चौथा हिस्साच, सुमारे १२,४०० चौरस किलोमीटर, पदरात पडला आणि त्याचा आकारही विचित्र : बेटांभोवती एक झुपका आणि दक्षिणेकडे गेलेली, साडेदहा सागरी मैल रुंद आणि दोनशे मैल लांब अशी पट्टी. महिन्याभरात कॅनडाने कॉड मासेमारीवर बंदी घातली, कारण मासाच संपत आला होता. बेटांचा मुख्य धंदा एका उन्हाळ्यात बसला. तेव्हापासून इथली अर्थव्यवस्था मुख्यतः सरकारी नोकऱ्या आणि पॅरिसहून येणाऱ्या पैशावर चालते. माशांचा वाटा ओटावाशी बोलून पॅरिस ठरवते, विमानसेवा आणि फेरीबोटींचे अनुदान पॅरिस देते, गंभीर आजारी रुग्णाला कॅनडातल्या सेंट जॉन्सला हलवायचे तर त्यामागचा करार आणि खर्च पॅरिसचा. मिक्लों गाव तर समुद्राची पातळी वाढत असल्यामुळे उंचावरच्या नव्या जागी हलवण्याचे काम सुरू झाले आहे. त्याचाही मोठा पैसा राज्याच्या तिजोरीतूनच यायचा आहे. प्रादेशिक परिषदेचे अधिकार पुष्कळ असले तरी या कोणत्याच गोष्टीत तिचा शब्द अखेरचा नसतो. म्हणून मतदार उमेदवाराला विचारतो ते एवढेच, की तू पॅरिसला जाऊन कोणाचे दार ठोठावू शकतोस.

एकटा खासदार सभागृहात फार काही करू शकत नाही. फ्रान्समध्ये संसदीय गट बनवायला किमान १५ सदस्य लागतात आणि गटाशिवाय बोलायला वेळही पुरेसा मिळत नाही. त्यामुळे सागरपार प्रदेशांचे आणि मोठ्या पक्षांच्या बाहेरचे खासदार एकत्र येऊन लहान गट करतात. लनोर्माँ ज्या ‘लिओत’ गटात बसतात तो असाच, विशीच्या आसपास सदस्यांचा. २०२२ च्या निवडणुकीत माक्रों यांचे बहुमत गेले आणि या लहान गटांना अचानक भाव आला. मार्च २०२३ मध्ये निवृत्तिवय वाढवण्याच्या कायद्यावरून सरकारविरुद्ध जो अविश्वास ठराव आला तो याच गटाच्या पुढाकाराने. २८७ मते हवी होती, २७८ पडली, नऊ मतांनी सरकार वाचले. बहुमत काठावर असलेल्या सभागृहात पाच हजार मतदारांची खुर्ची आणि लाख मतदारांची खुर्ची यांत फरक करायला कोणाला सवड नसते.

उलट बाजूही आहे. मुख्य भूमीवरच्या राजकारण्यांना ही बेटे आठवतात ती त्यांना हवी तेव्हा. एप्रिल २०२५ मध्ये उजव्या पक्षाचे नेते लोराँ वोकिए यांनी देशातून हद्दपारीचा हुकूम झालेल्या धोकादायक परदेशी नागरिकांना साँ-प्येर आणि मिक्लोंमध्ये नेऊन ठेवण्याची सूचना केली, तिथल्या थंडीचा उल्लेख करून. बेटांवरच्या सर्व गटांनी एका सुरात निषेध केला. इतके एकमत तिथे क्वचितच होते. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतला इथला कौलही पॅरिसवरची नाराजी दाखवतो. २०२२ मध्ये पहिल्या फेरीत टोकाचे डावे मेलाँशों मोठ्या फरकाने पुढे होते आणि दुसऱ्या फेरीत टोकाच्या उजव्या मारीन ल पेन माक्रों यांच्यापेक्षा निसटत्या मतांनी पुढे गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये खासदार निवडताना मात्र मतदारांनी यांतल्या कोणाच्याही पक्षाकडे न पाहता ओळखीच्या माणसाला मत दिले. राष्ट्राध्यक्षाच्या मतपेटीत राग टाकायचा आणि खासदाराच्या मतपेटीत गरज, असा हा हिशेब दिसतो. तो चुकीचा म्हणता येत नाही.

जून २०२४ मध्ये माक्रों यांनी अचानक राष्ट्रीय सभा विसर्जित केली आणि जेमतेम तीन आठवड्यांत पुन्हा निवडणूक आली. २९ जूनच्या शनिवारी बेटांवर पहिल्या फेरीचे मतदान झाले. लनोर्माँ यांनी जागा राखली आणि त्याच उन्हाळ्यात ‘लिओत’ गटाने त्यांना आपला अध्यक्ष केले.

या जागेवर गदा येण्याची शक्यता अलीकडे एकदाच गंभीरपणे निर्माण झाली होती. २०१८ मध्ये माक्रों सरकारने खासदारांची संख्या ५७७ वरून ४०४ वर आणण्याचा प्रस्ताव मांडला. एवढी कपात करायची आणि तरी प्रत्येक सागरपार प्रदेशाला किमान एक खासदार ठेवायचा, तर मुख्य भूमीवरच्या एकेका खासदारामागची लोकसंख्या आणखी फुगली असती आणि सहा हजारांमागे एक हे प्रमाण अधिकच डोळ्यांत आले असते. तरीही सरकारने ती हमी प्रस्तावात कायम ठेवली होती. प्रस्ताव पुढे बारगळला. २०१० मध्ये ठरलेल्या मतदारसंघांवरच आजही निवडणुका होतात, आणि त्यांत साँ-प्येर आणि मिक्लोंची एक जागा आहे.